आयर्न मेडन ऐकायला सुरुवात करताना: पुण्यातल्या नवख्यांसाठी

माझ्या नणंदेच्या मुलाने गेल्या दिवाळीत कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून एक काळा टी-शर्ट घेतला. छातीवर लाल कोट घातलेला, हातात फाटका झेंडा धरलेला सांगाडा. भाऊबीजेला तोच घालून आमच्याकडे जेवायला आला. मी विचारलं, "यांचं कुठलं गाणं आवडतं रे तुला?" तर म्हणाला, "मामी, गाणं अजून ऐकलं नाही. डिझाइन भारी वाटलं."

त्याला रागवायचा मला अधिकार नव्हता. मीही एकेकाळी पिरॅमिडचं चित्र बघूनच कॅसेट मागून घेतली होती. फक्त म्हटलं, आता घातलाच आहेस तर ऐकून बघ. पंधरा दिवसांनी त्याचा फोन. "मामी, यांचा गायक दर गाण्याला बदलतो का? आणि हे अठरा मिनिटांचं काय आहे?"

बिचाऱ्याने बँडचं नाव टाकून ॲपवर सरळ शफल लावलं होतं. पन्नास वर्षांचा बँड, सतरा स्टुडिओ अल्बम, तीन गायक. असं कुठूनही आत शिरलं की घर कुणाचं तेच कळत नाही. त्याच्यासाठी मी जे टिपण काढलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. मला हे सगळं कळायला चार-पाच वर्षं लागली, तुम्हाला दोन-तीन महिने पुरतील.

बँडची ओळख दोन ओळींत: स्टीव्ह हॅरिस नावाच्या एकोणीस वर्षांच्या बेस गिटारवाल्याने १९७५ च्या नाताळच्या दिवशी पूर्व लंडनमध्ये आयर्न मेडन हा हेवी मेटल, म्हणजे कडक, गिटारच्या जोरावर चालणाऱ्या रॉकचा बँड काढला. पहिला अल्बम १९८० चा, सतरावा २०२१ चा, आणि २०२५ मध्ये त्यांनी पन्नाशीचा दौरा सुरू केला.

काय काय लागेल

- वायरचा साधा, बरा हेडफोन. तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार हमखास 'एक्स्ट्रा बेस'वाला पुढे करेल. तो घेऊ नका. कारण पायरी ३ मध्ये आहे.
- शंभर पानी वही आणि पेन्सिल. हसू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.
- गाण्यांचे छापील शब्द. सीडीच्या पुस्तिकेतले मिळाले तर उत्तम. नेटवरचे घेतलेत तर दोन ठिकाणचे ताडून बघा, लोकांनी ऐकून टिपलेल्या शब्दांत गफलती फार असतात.
- आठवड्यातून एकदा सलग दीड तास. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेटखाली हेडफोन घालून ऐकणं यात धरायचं नाही. ते ऐकणंही नव्हे आणि गाडी चालवणंही नव्हे.
- फोमचे इअरप्लग. हे शेवटच्या पायरीसाठी, पण आत्ताच आणून ठेवा.

१. शफल बंद करा

आधी गायकांचा हिशोब समजून घ्या, म्हणजे भाच्यासारखा गोंधळ होणार नाही.

- पॉल डिॲनो: १९८० आणि १९८१ चे दोन अल्बम. खरखरीत, रस्त्यावरचा आवाज. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले.
- ब्रूस डिकिन्सन: १९८२ ते १९९२, सात अल्बम. बहुतेक लोक 'आयर्न मेडन' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हा आवाज असतो.
- ब्लेझ बेली: १९९५ आणि १९९८, दोन अल्बम.
- पुन्हा ब्रूस: १९९९ मध्ये परत आले, २००० पासून सहा अल्बम.

झाले सतरा. या सतराही अल्बमवर वाजवलेली माणसं दोनच, स्टीव्ह हॅरिस आणि गिटारवादक डेव्ह मरे. एड्रियन स्मिथ १९९० मध्ये सोडून गेले, त्यांच्या जागी यानिक गर्स आले. १९९९ मध्ये स्मिथ परतले तेव्हा गर्सना कुणी 'आता निघा' म्हटलं नाही. तेव्हापासून तीन गिटारी. नव्या अल्बममध्ये एकच सूर तीन बाजूंनी आल्यासारखा वाटला तर कानात काही बिघाड नाही, तीन माणसं खरंच वाजवत असतात.

२. पहिल्या अल्बमपासून सुरू करू नका

इथे जुने चाहते माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, क्रमाने ऐका, १९८० पासून. माझा अनुभव असा की क्रमाने जाणारा माणूस दुसऱ्या अल्बमवरच दमतो. पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण कच्चं आहे, ते खुद्द हॅरिसना आवडलेलं नाही. ओळख नसताना त्या कच्चेपणातली मजा कळत नाही.

सुरुवात करा 'लाइव्ह आफ्टर डेथ'पासून. १९८५ चा, प्रत्यक्ष कार्यक्रमाचा अल्बम. बराचसा भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे मार्च १९८५ मध्ये मुद्रित झालेला आहे. पहिल्या पाच अल्बममधली निवडक गाणी आणि ब्रूसचा आवाज ऐन भरात. शेवटी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधली पाच गाणी येतात. ती नसतील तर तुमच्या हातात अर्धवट आवृत्ती आहे.

माझा या अल्बमवर जीव असण्याचं कारण मात्र वेगळं आहे. १९९९ मध्ये माझ्या मावसभावाने मला 'पॉवरस्लेव्ह' भरून दिला. कुठून? तर मित्राच्या कॅसेटवरून, नव्वदच्या कोऱ्या कॅसेटवर. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. अल्बम एक्कावन्न मिनिटांचा. काटकसर म्हणून दादाने तो एकाच बाजूला बसवला आणि दुसऱ्या बाजूला भलतंच काहीतरी भरलं. शेवटचं गाणं, 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर', साडेतेरा मिनिटांचं. ते मधल्या शांत भागात, जहाजाच्या लाकडाचा कर्रकर्र आवाज चालू असताना, खट् करून थांबायचं. मला वर्षभर वाटत होतं की गाणं तिथेच संपतं. काय धाडसी शेवट केलाय, असं मी मैत्रिणींना सांगतही होते! पुढे कॅम्पात 'लाइव्ह आफ्टर डेथ'ची खरी कॅसेट घेतली, नेहमीच्या जागी गाणं संपण्याची वाट बघत बसले, आणि ते संपलंच नाही. कर्रकर्र थांबली, बेस वर वर चढत गेला आणि मग अख्खा बँड कोसळला अंगावर. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात खालच्या काकूंनी काठीने छत ठोकलं, ती दाद होती असं मी तेव्हा धरून चालले.

पहिल्या बैठकीत सगळा अल्बम ऐकू नका. चर्चिलच्या भाषणाचा तुकडा, मग 'एसेस हाय', 'टू मिनिट्स टू मिडनाइट', 'द ट्रूपर'. एवढंच. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच.

इथला सापळा: ब्रूसचा वरच्या पट्टीतला आवाज पहिल्यांदा किंचाळल्यासारखा वाटतो. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. त्या वेळी एक करा, आवाज सोडून उच्चारांकडे लक्ष द्या. हा माणूस एवढ्या उंचीवर, स्टेजवर धावत असतानाही शब्द गिळत नाही. ते ध्यानात आलं की किंचाळी राहत नाही.

३. बेस गिटार शोधा

बहुतेक बँडमध्ये बेस मागे राहून भिंतीसारखा उभा असतो. इथे बँडचा मालकच बेस वाजवतो आणि सगळी गाणी त्याच्या बोटांवर चालतात. हॅरिस प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, वापरत नाहीत, उघड्या बोटांनी वाजवतात. तारा फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटून जो टणत्कार येतो तो त्यांची सही आहे. म्हणून 'एक्स्ट्रा बेस'चा हेडफोन नको म्हटलं. तो खालचा घुमारा फुगवतो आणि हा टणत्कार त्यात बुडतो. ॲपमधलं इक्वलायझरही सपाट ठेवा.

'द ट्रूपर' लावा आणि टेबलावर बोटांनी वाजवा: एक लांब, दोन आखूड. टक्-टकटक्, टक्-टकटक्. ही घोड्याची दौड. ही चाल मेडनच्या कितीतरी गाण्यांखाली सापडेल, आणि एकदा बोटांत बसली की गर्दीतूनही ओळखू येते.

गणपतीत पथकात वाजवलं असेल तर तुमचं काम सोपं आहे. मी दोन वर्षं ढोल वाजवलाय. पथकात ढोल कितीही असले तरी पुढे नेतो तो ताशा. इतर बँडमध्ये बेस म्हणजे ढोल असतो, मेडनमध्ये बेस म्हणजे ताशा. त्या कानाने ऐका, गाणं कुठे वळणार ते आधी बेसमध्ये कळतं.

जाता जाता ड्रम्सबद्दल. १९८३ पासूनच्या सगळ्या स्टुडिओ अल्बमवर निको मॅकब्रेन आहेत. हेवी मेटलवाले सर्रास दोन पायांनी दोन पेडल हाणतात, निको एकाच पेडलवर एकाच पायाने ती दौड काढतात. २०२३ च्या जानेवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला, त्यातून उठून ते पुन्हा दौऱ्यावर गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये साव पावलोच्या कार्यक्रमानंतर दौऱ्यांतून निवृत्त झाले. आता स्टेजवर सायमन डॉसन वाजवतात.

४. वही काढा

ही खरी पायरी. मेडनची गाणी निम्मी कानाने आणि निम्मी डोळ्यांनी ऐकायची असतात. यांच्याकडे प्रेमगीतं जवळपास नाहीत. लढाया, बुडालेली जहाजं, फाशीचे कैदी, मेलेले राजे. कुणाबद्दल चाललंय ते माहीत नसेल तर नुसता गोंगाट ऐकल्यासारखं होतं.

पद्धत साधी आहे. डाव्या पानावर गाण्याचे शब्द हाताने उतरवा. टाइप करायचे नाहीत, उतरवायचे, म्हणजे प्रत्येक शब्दापाशी थांबणं होतं. उजव्या पानावर पेन्सिलीने कोण, कुठे, कधी. मग वही समोर ठेवून गाणं परत लावा. या क्रमाने घ्या:

'द ट्रूपर'. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातलं बालाक्लावा. हुकुमाच्या गोंधळात ब्रिटिशांचं हलकं घोडदळ थेट रशियन तोफांच्या तोंडी गेलं. त्यावर टेनिसनची कविता आहे, ती त्या पलटणीबद्दल बोलते. गाणं मात्र एकाच शिपायाच्या तोंडून आहे. घोडा पडलाय, आजूबाजूला कुणी नाही, आणि तो मरतोय. आपल्या पोवाड्यात लढवय्याचं नाव, गाव, कूळ सगळं असतं. इथे शिपायाला नावच नाही, आणि मला वाटतं तीच या गाण्याची ताकद आहे. भाच्याच्या टी-शर्टवर जे होतं ते हेच. तो लाल कोट, तो झेंडा. ब्रूस हे गाणं गाताना स्टेजवर लाल कोट घालून युनियन जॅक फडकवतात. आपल्याला तो कोट बघितला की तीनच वर्षांनंतरचं १८५७ आठवतं. मला ते दर वेळी खटकतं आणि दर वेळी मी गाते.

'टू मिनिट्स टू मिडनाइट'. अणुयुद्ध किती जवळ आलंय ते दाखवायला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक प्रतीकात्मक घड्याळ मानलं आहे. १९५३ मध्ये, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनंतर, त्याचा काटा मध्यरात्रीच्या दोन मिनिटं अलीकडे आणला गेला. शीर्षक तिथून आलं.

'हॅलोड बी दाय नेम'. पहाटे फाशी जाणाऱ्या कैद्याचा शेवटचा तास. सुरुवातीला घंटा, मग जवळजवळ कुजबूज. हा माणूस कुठला, गुन्हा काय, गाण्यात काहीच नाही. पुण्यात राहणाऱ्याला मात्र तुरुंग, फाशी आणि पहाट म्हटल्यावर येरवडा आठवल्याशिवाय राहत नाही. माझ्या वहीत या गाण्यासमोर पेन्सिलीने 'दामोदर चाफेकर, १८९८' लिहिलेलं आहे. गाण्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तरी ते खोडावंसं वाटलेलं नाही.

'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर'. कोलरिजची १७९८ मध्ये छापलेली कविता. खलाशी विनाकारण एका अल्बट्रॉस पक्ष्याला मारतो, जहाजाला शाप लागतो, सोबतचे सगळे मरतात आणि हा एकटा उरतो. मूळ कवितेच्या काही ओळी गाण्यात जशाच्या तशा आहेत. मी ती कविता फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश कौन्सिल लायब्ररीत बसून वाचली, दोन दुपारी गेल्या. इंग्रजी जुनं आहे, सगळं कळलं नाही तरी चालतं. पाचव्या मिनिटाच्या आसपास गाणं एकदम थांबल्यासारखं होईल. तिथे पुढे ढकलायचं नाही! मी त्या जागी वर्षभर अडकले होते, तुम्ही तीन मिनिटं थांबा. शाप सुटतो तो क्षण त्याच शांततेतून येतो.

'अलेक्झांडर द ग्रेट'. १९८६ चं. शिकंदराचा जन्म, लढाया, मृत्यू, सगळं सनावळीसकट. शाळेत इतिहासाला असा मास्तर मिळाला असता तर, असं वाटतं. गंमत म्हणजे सैन्य त्याच्यामागे हिंदुस्थानात यायला तयार झालं नाही, हे गाण्यात आहे. गाणं आपल्या वेशीवर येऊन मागे फिरतं. आणि हे गाणं त्यांनी स्टेजवर पहिल्यांदा वाजवलं २०२३ मध्ये, सदतीस वर्षांनी.

'एम्पायर ऑफ द क्लाउड्स'. भाच्याने विचारलेलं अठरा मिनिटांचं ते हेच. २०१५ चं, 'द बुक ऑफ सोल्स' या अल्बममधलं शेवटचं गाणं, ब्रूसनी पियानोवर बसून रचलेलं. विषय आर-१०१ हे ब्रिटिशांचं अवाढव्य हवाई जहाज. ऑक्टोबर १९३० मध्ये ते इंग्लंडहून निघालं आणि त्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. ४८ माणसं गेली. ते निघालं होतं कुठे? कराचीला. तिथे त्याच्यासाठी हँगर बांधून तयार होता. आणि १९३० मध्ये कराची होती मुंबई इलाख्यात. म्हणजे पुणे ज्या इलाख्यात, त्याच इलाख्यात ते उतरायचं होतं. हे समजल्यावर मी ते गाणं परत लावलं तेव्हा पहिल्यांदा अठरा मिनिटं लांब वाटली नाहीत. हे अगदी शेवटी ऐका, आधीची पाच झाल्याशिवाय नाही.

५. मग अल्बम, या क्रमाने

१. 'द नंबर ऑफ द बीस्ट', १९८२
२. 'पीस ऑफ माइंड', १९८३
३. 'पॉवरस्लेव्ह', १९८४
४. 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन', १९८८. एकच कथा, म्हणून एका बैठकीत.
५. 'समव्हेअर इन टाइम', १९८६
६. मग मागे जाऊन डिॲनोंचे दोन. आता त्यांचा कच्चेपणा आवडेल.
७. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', २०००
८. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ', २००६. हा कठीण आहे. बँडला मात्र इतका प्रिय की त्या वर्षीच्या दौऱ्यात त्यांनी तो अख्खाच्या अख्खा वाजवला.

उरलेले तुमच्या लहरीप्रमाणे. १९९० चा 'नो प्रेयर फॉर द डाइंग' वगळलात तरी मी काही बोलणार नाही. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्यांचं एकमेव सिंगल (सुटं काढलेलं गाणं) त्याच अल्बममधलं आहे, यावरून काय ते समजा.

ब्लेझ बेलींच्या दोन अल्बमना लोक फार हिणवतात. त्यांचा आवाज खालचा, आणि त्यांना सतत ब्रूसच्या उंचीची गाणी गावी लागली. 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही दोन आधी ब्रूसच्या आवाजात ऐका, रिओच्या २००१ च्या कार्यक्रमाच्या अल्बमवर. मग मूळ. ब्लेझवर अन्याय झाला असं वाटायला लागेल.

६. घरच्यांचं काय करायचं

मेडनच्या मुखपृष्ठांवर जो सांगाडा असतो त्याचं नाव एडी. डेरेक रिग्ज या चित्रकाराने काढलेला. कुठे तो इजिप्तचा राजा फॅरो, कुठे सैनिक, कुठे चक्क सैतानाला बाहुलीसारखा नाचवणारा. हे शेवटचं १९८२ चं मुखपृष्ठ. त्यावरून अमेरिकेत काही धार्मिक मंडळींनी अल्बम जाळले होते, त्यामुळे तुमच्या घरी नुसत्या भुवया उंचावल्या तर भाग्य समजा.

माझ्या सासूबाईंनी पोस्टर बघून विचारलं, "हा कोण, टेकडीवरचा वेताळ का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव वेताळ. धूळ झटकताना त्या त्यालाही फडकं मारतात. समजावत बसण्यापेक्षा हे बरं पडतं. अगदीच कुणी हटून बसलं तर 'रन टू द हिल्स'चा अर्थ सांगा. गोऱ्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कसं संपवलं, ते आधी त्यांच्या आणि मग मारणाऱ्यांच्या तोंडून. सैतान-बितान काही नाही.

आवाजाबद्दल: जुन्या वाड्यात किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये स्पीकरवर रात्री दहानंतर लावू नका. भिंतीतून पलीकडे शब्द जात नाहीत, नुसता ठोका जातो, आणि पलीकडच्याला तेवढंच ऐकू येतं.

७. टी-शर्ट, कॅसेट आणि जुना बाजार

फॅशन स्ट्रीटवरचे बहुतेक टी-शर्ट नकली असतात. घालायला हरकत नाही, पण उलटा करून बघा. छपाई रबरासारखी जाड थर देऊन केलेली असेल तर चार धुण्यांत एडीचा चेहरा तडकतो. तसा तो त्याला शोभतोही म्हणा.

जुन्या कॅसेट आणि तबकड्यांसाठी शाहीर अमर शेख चौकाजवळचा जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी. सकाळी लवकर जा. हेवी मेटल रोज सापडेल असं नाही. ढिगात एखादी मिळते, बाकी भजनं आणि सिनेमा. कॅसेट हातात आली की खिडकीतून टेपकडे बघा. पांढरी बुरशी दिसली तर परत ठेवा, ती तुमच्या प्लेअरचं डोकं खराब करेल. तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा, कडा लाटेसारखी वर-खाली दिसली तर सोडून द्या. चेहऱ्यावर आनंद दिसला की भाव दुप्पट होतो, तेवढं सांभाळा.

८. कॉन्सर्टला जायचं तर

आयर्न मेडन भारतात तीनदा येऊन गेले: मार्च २००७ मध्ये बंगळूरला, १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा बंगळूरला. त्यानंतर इकडे फिरकलेले नाहीत. मुंबईचा कार्यक्रम हा त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला होता. बोइंग ७५७ विमान रंगवून घेतलं होतं आणि ते चालवत होते स्वतः ब्रूस, परवानाधारक वैमानिक म्हणून. त्या दौऱ्यावरच्या 'फ्लाइट ६६६' या माहितीपटाच्या कॉन्सर्टच्या भागात पहिलं गाणं, 'एसेस हाय', मुंबईचं आहे. बघाच.

मी त्या गर्दीत होते. शुक्रवार. ऑफिसात पोटदुखी सांगून दुपारी तिघांनी गाडी काढली. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात नुसती धूळ, आणि मला दिसेल तिथवर काळे टी-शर्ट. 'फिअर ऑफ द डार्क'च्या सुरुवातीला गिटारची जी धून आहे तिला शब्द नाहीत, ती सगळं मैदान तोंडाने गायला लागलं. माझ्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ होते, शर्ट इन केलेला, खिशाला पेन. डोळे मिटून तेही गात होते. नऊ वर्षं मी हे एकटीने, हेडफोनमध्ये ऐकत आले होते. पुढचं गाणं सुरू झालं तरी मला गळ्यातून आवाज काढता येईना.

आणि रविवार संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. इअरप्लग न घातल्याचा परिणाम. घाबरले होते, खरं सांगते. म्हणून यादीत ते सुरुवातीलाच लिहिले. मेडिकलमध्ये मिळतात. पिळून बारीक करायचे, कानात सरकवून फुगेपर्यंत धरायचे. गाणं उलट जास्त स्वच्छ ऐकू येतं.

मेडन येतील तेव्हा येतील. तोवर मुंबईत येणाऱ्या दुसऱ्या बँडवर सराव करून ठेवा. कागदपत्रं आणि सामान असं:

- तिकीट फोनमध्ये, शिवाय त्याचा स्क्रीनशॉट. मैदानात गर्दी झाली की नेटवर्क मरतं.
- फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, तिकिटावरच्याच नावाचं. मित्राच्या नावावर काढलं असेल तर मित्राबरोबरच आत जा.
- आत जाण्यासाठीचा मनगटपट्टा कुरियरने येणार असेल तर पत्ता घरी माणूस असेल असाच द्या.
- रिकामे खिसे. मोठी बॅग, पाण्याची बाटली, बऱ्याचदा पॉवर बँकही गेटवर काढून घेतात. नियम आदल्या दिवशी वाचा.
- बंद बूट. चपला घालून पुढे गेलात तर एकच घेऊन परत याल.

सापळा: कार्यक्रम हाउसफुल्ल झाला की सोशल मीडियावर 'एक तिकीट जास्त आहे' म्हणणारे उगवतात. माझ्या एका मैत्रिणीने असे पैसे पाठवले, तिला तिकिटाचा फोटो आला, आणि गेटवर कळलं की त्याच फोटोवर आधीच कुणीतरी आत गेलंय. तिकीट अधिकृतपणे तुमच्या नावावर वळतं होत नसेल तर पैसे देऊ नका.

जाण्याचं गणित मैदानावर ठरतं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला असेल तर पुणेकरांसाठी सोपं: पनवेलला उतरा, पुढे लोकल. वांद्रे-कुर्ला संकुल किंवा महालक्ष्मी रेसकोर्स असेल तर सकाळची सिंहगड एक्स्प्रेस किंवा डेक्कन क्वीन धरून दादर, मग पश्चिम रेल्वे. परतीच्या गाडीच्या भरवशावर शेवटचं गाणं सोडून पळू नका. दादरहून पुण्याला रात्री उशिरापर्यंत बस सुटतात, जागा मात्र आधी आरक्षित करून ठेवा आणि कार्यक्रम लांबेल असं धरूनच वेळ निवडा. वाकडला उतरणार असाल तर बसमध्ये चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा. कानात प्लग तसेच राहतात, झोप लागते, आणि उठाल तेव्हा स्टेशन आलेलं असतं.